बारव निवळंना

देशमुखाच्या ओसरीपुढं मला माझाच घडा माझ्याच डोक्यावर ओतून घ्यायला लावला.

चोरी न्हाई, भांडण न्हाई, काही न्हाई. ओढ्यावरून पाणी घेऊन मी खालच्या अंगानं घराकडं चालले होते. आठ-नऊ वर्षांची असंन. देशमुखाकडं परभणीचे कोणी वकील पाहुणे आले होते. जेवणं झाली होती, पान चघळत बसले होते, करमणूक पाहिजे होती. देशमुखानं हाक मारली, "ए म्हाराची पोर! थांब तिथं. घडा उतरव."

उतरवला. आतून काचेची सुरई आली. बारवंचं पाणी. सुरईच्या पल्याड बोट धरलं तर नखासकट दिसत होतं, इतकं नितळ.

"वकीलसाहेब, आता गंमत बघा," देशमुख म्हणाला. "पाणी एकाच गावचं, माती एकाच गावची. आमच्या बारवंत सांजच्याला टोपलंभर माती पडली तरी सकाळी तळाला बसती. ह्यांच्या घड्यात पंधरवडा ठेवा, बसायची न्हाई. हातच गढूळ हाय ह्यांचा. माती बी ह्यांचं ऐकत न्हाई."

वकील वाकून बघायला लागले. पण घडा खोल, आत अंधार, काही दिसंना. आणि घड्याला हात कोण लावणार?

"ओत गं," देशमुख म्हणाला. "डोक्यावर ओत. रंग दिसू दे साहेबांना."

म्या ओतला. हे सांगताना अजून दातावर दात बसतात माझे. कुणी मारलं न्हाई, कुणी धरलं न्हाई. नुसतं म्हणलं आणि म्या ओतला. राखेच्या पाण्यासारखं काळपट पाणी तोंडावरून, अंगावरून खाली आलं. वकील "वा वा" म्हणाले. कशाला वा वा म्हणाले देव जाणे. मी रिकामा घडा उचलला आणि परत ओढ्यावर गेले, कारण घरी पाणी पाहिजे होतं.

मायनं मला भिजलेली बघितली. कुणी केलं, का केलं, काही विचारलं न्हाई. "घडा फुटला न्हाई न्हवं?" एवढंच.

निजामाचं राज होतं म्हणतात. असंल. आमच्या गावात राज देशमुखाचं होतं. बोरीच्या अलीकडं, काळ्या मातीत रुतलेलं आमचं गाव. गावाला बारव होती, दगडी, खोल, चौबाजूनं पायऱ्या. तिच्या अल्याड एक हद्दीचा दगड. त्या दगडापुढं आमचा पाय पडायचा न्हाई. आमच्यासाठी ओढ्याच्या काठाला झिरा होता. म्हणजे काय, तर काळ्या मातीत खोदलेला खड्डा. त्यात पावसाचं, ओढ्याचं पाणी झिरपायचं. गोड होतं हो पाणी, चवीला बारवंपेक्षा गोड. पण रंग बघितला तर जनावरानं तोंड फिरवावं.

आणि देशमुख बोलला ते खोटं न्हवतं, हेच तर दुःख होतं. आमच्या घड्यात माती खरंच बसायची न्हाई. दिवस गेले तरी पाणी तसंच. बारवंतली माती खरंच बसायची. डोळ्यांनी दिसायचं. मग आमी काय समजायचं?

आमी समजलो की आमचाच हात वाईट. गावानं म्हणलं असतं आणि आमी मानलं नसतं तर गोष्ट वेगळी. आमी मानलं. म्हारवाड्यात बायका घडा भरून आणला की त्याला टोपलीखाली झाकायच्या आणि पुन्हा हात लावायच्या न्हाईत. पळीनं घ्यायचं. लेकरांनी जवळ जायचं न्हाई. सकाळी टोपली उचलून बघायचं, निवळलं का. निवळलेलं कधी नसायचंच. मग माय विचारायची, "कुणी शिवलं रं घड्याला?" आणि त्या वकिलाच्या प्रकारापासून नजर माझ्याकडंच यायची. पाठीत धपाटा माझ्याच. "हिचाच हात लय गढूळ," माय म्हणायची. माझी माय. मला जीव लावणारी. मी हात पाठीमागं बांधून झोपायला शिकले होते.

वय आलं तसं आत्याच्या लेकाला मला दिलं. घर तिथंच, म्हारवाड्याच्या दुसऱ्या टोकाला. नवरा हैदराबादेला गिरणीत गेलेला, वर्षातून एकदा तोंड दाखवायचा. घरात मी आणि आत्या. आत्या म्हणजे सासूच, पण तिला सासूपणा काही जमला न्हाई. तोंडानं फटकळ, तंबाखूची लय शौकीन. कमरेला चंची, चंचीत चुन्याची डबी. चुना-तंबाखू मळल्याबगर तिचं एक काम व्हायचं न्हाई.

एका सकाळी तंबाखू मळता मळता ती घड्यावर वाकली आणि डबी सटकली. उघडी डबी थेट घड्यात.

"आता गं बाई! डबी गेली माझी!"

मी पळी शोधायलेय तोवर आत्यानं बाही सरसावून कोपरापर्यंत हात घातला, तळ ढवळला, डबी काढली. डबी रिकामी. चुना सगळा पाण्यात. मी रडकुंडीला आले. चुना गेला ते गेलं, वर अख्खा हात बुडवला हिनं. आता हे पाणी जन्मात निवळायचं न्हाई. फेकावं तर पुन्हा ओढ्याला जायचं. "राहू दे," आत्या म्हणाली, "भांडी घासायला होईल."

भाकरी झाल्या. मी पाण्याला उठले. घड्यात बघितलं आणि आधी वाटलं, घडा रिकामाच हाय. फुटका निघाला. बुडाचा गाळ दिसत होता मला! मग पळी घातली तेव्हा कळलं, पाणी हाय. वरपर्यंत हाय. काचेसारखं हाय. आणि तळाला नासलेल्या दुधासारख्या मातीच्या गाठी बसलेल्या.

"आत्या," मी म्हणलं, "इकडं ये. बोलू नको काही. नुसती बघ."

आत्यानं बघितलं. मग स्वतःचा हात बघितला, उलटा, सुलटा. "ह्याच हातानं?" म्हणाली. आणि मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी म्या दोन घडे भरले. एका घड्याला कुणी शिवायचं न्हाई, टोपली झाकून देवासारखा ठेवला. दुसऱ्यात नखाएवढा चुना टाकला आणि दोन्ही हात घालून ढवळ ढवळ ढवळला, रागानं ढवळला. ज्याला हात लावला न्हाई ते गढूळ राहिलं. ज्यात हात बुडवले ते दुपारच्या आत निवळलं. मी त्या घड्यापाशी बसून रडले. आनंदानं न्हाई. माझ्या पाठीत बसलेला एक एक धपाटा आठवून रडले.

पुढं कैक वर्षांनी माझी लेक माती तपासायच्या कामाला लागली. तिनं मला हे सगळं उलगडून सांगितलं. "आई, काळ्या मातीचा कण लय बारीक असतो, डोळ्याला दिसणारच न्हाई इतका. आणि सगळ्या कणांवर एकसारखा भार असतो, म्हणून ते एकमेकाला ढकलतात. पाणी गोडं असलं की ढकलतच राहतात, तरंगतच राहतात. पाण्यात चुना असला, खार असला, की ते ढकलणं कमी पडतं. मग कण एकमेकाला चिकटतात, गाठ होती, गाठ जड होऊन तळाला जाती. बारवंचं पाणी खारं असंल." बारवंचं पाणी मचूळच होतं! उन्हाळ्यात पाणी उतरलं की पायऱ्यांवर पांढरा खार फुटायचा, हद्दीच्या दगडापासून दिसायचा. गावातल्या बाया कुरकुरायच्या, डाळ शिजंना म्हणून. सगळ्यांच्या डोळ्यापुढं होतं. मी लेकीला म्हणलं, "एवढंच? एवढ्यासाठी आमी आमच्याच हाताला भ्यालो?"  

असो. चुन्याची गोष्ट म्हारवाड्यात घरोघर गेली. कुजबुजत गेली, पण गेली. बायकांनी टोपल्या काढल्या. घड्याला हात लावायला लागल्या. लेकरं उठून स्वतःच्या हातानं पाणी घ्यायला लागली. तुमाला ह्यात काय मोठं वाटणार? आमच्या मायनं मला जवळ बसवून माझे दोन्ही हात आपल्या गालाला लावले.  त्याच हिवाळ्यात ती गेली.

पुढच्या पोळ्याच्या सुमाराला पाऊस असा कोसळला की ओढा गावात शिरला. शिवाराचं सगळं पाणी बारवंत उतरलं. बारव काठोकाठ भरली, काळी. गाव म्हणलं, बसंल दोन दिवसांत, बसतीच. दोन दिवस गेले, आठवडा गेला. बारव निवळंना. गावातल्या लोकांनी पहिल्यांदा आमच्या रंगाचं पाणी प्यायलं. एक कुणब्याची बाई माझ्यादेखत दुसरीला म्हणाली, "काय नवल बाई, डाळ मात्र लवकर शिजायली." माझ्या डोक्यात लख्ख पडलं. पायऱ्यांवर फुटायचा तो पांढरा खारच बारवंचा चुना होता. बारवंचं मचूळ पाणी पुरात बुडालं होतं. आता त्यांचं पाणी आमच्यासारखंच गोडं. आमच्यासारखंच गढूळ.

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू? लय हसू आलं. पण ते टिकलं न्हाई. कारण देशमुखाचा गडी म्हारवाड्यात आला होता कशाला तरी, आणि त्यानं आमच्या घरातला घडा बघितला होता. नितळ.

बास. तेवढं पुरलं.

चावडीवर बोलावणं आलं. देशमुखानं सगळ्या गावादेखत मांडणी केली. वकिलासारखीच केली. "आमची बारव गढूळ झाली आणि ह्यांचे घडे निवळले. एकाच दमात. ह्याचा अर्थ काय? ह्यांच्यातलं कुणीतरी पायऱ्या उतरलं. बाट लावून आमच्या पाण्याचं सत्व घेऊन गेलं." लोक माना डोलवायला लागले. कुणीतरी मला पुराच्या संध्याकाळी हद्दीच्या दगडापाशी उभी बघितली होती. उभी होतेच. सगळं गाव पूर बघायला उभं होतं. पण नाव माझं आलं.

निकाल झाला. ज्यानं केलं त्यानं कबूल करायचं. चावडीपासून हद्दीच्या दगडापर्यंत नाक घासत यायचं आणि दगडापाशी म्हणायचं, मी शिवले, माझी चूक झाली. मग बारवंची शुद्धी होईल. कबुली न्हाई आली तर झिरा बुजवायचा आणि अख्खा म्हारवाडा गावाबाहेर काढायचा. वर जिंतूरच्या जमादाराला कळवायचं ते वेगळंच.

आमी घरी आलो. माणसं गोळा झाली. मला वाटलं, आता सगळी मिळून काही ठरवतील. सगळी माझ्याकडंच बघायलेली.

"म्हणून टाक की," एक जण म्हणाला. "नाकच घासायचं हाय. जीव जात न्हाई."

"म्या केलंच न्हाई तर काय म्हणू?"

"केलं न केलं कोण विचारतंय? लेकरंबाळं घेऊन ह्या चिखलात कुठं जायचं आमी?"

त्यांचं बी खरं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं खरं होतं, दोन्ही. आत्या एकटी म्हणायली, "चुन्याचं सांग. त्यांच्यादेखत घडा निवळून दाखव. आळ जाईल." सगळ्यांना पटलं. मलाबी पटलं. रस्ताभर मी मनात तेच घोकत गेले, कसं दाखवायचं, चुना किती, घडा कुठला.

चावडीवर गेले तर बा आधीच येऊन उभा. माझा बाप. गावकीची कामं करून पाठ कमानीसारखी झालेला. मला न सांगता देशमुखाला म्हणाला होता, "मायबाप, पोरीचं मी भरतो. माझंच नाक घासून घ्या."

आणि माझ्या डोळ्यादेखत त्यानं मुंडासं काढलं, काखेत दाबलं, गुडघे टेकले आणि तोंड चिखलात घातलं.

"बा, ऊठ."

"तू गप बस गं बाई," तो खालूनच म्हणाला. "म्हाताऱ्याचं नाक. झिजलं तर काय जातंय?"

लोक हसले. बा बी हसला. चिखलानं भरलेलं तोंड वर करून, लोकांना आवडावं म्हणून हसला. तो हसला ना, तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं. म्या त्याच्या दंडाला धरलं आणि ओढून उभा केला. हलका होता. लय हलका होता माझा बाप.

"म्या शिवले न्हाई," मी देशमुखाला म्हणलं.

"मग बारव का निवळंना?"

आत्यानं मला मागून कोपर मारलं. "सांग की. सांग चुन्याचं."

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. तेवढ्यात कळलं मला मी काय करायला निघाले होते ते. मी त्यांना दाखवणार होते की माझा हात चांगला हाय. माझा हात! आणि ते ठरवणार कोण? हा? मी शिवले न्हाई म्हणून सोडा मला, म्हणजे शिवले असते तर नाक घासणं बरोबरच होतं की! चुना दाखवला तर बारव निवळंल, ते नितळ पाणी पितील, आणि आमी पुन्हा त्या दगडाच्या अल्याड. त्यांची बारव साफ करून देणारी म्हारीण म्हणून लय तर शाबासकी देतील. लांबून.

"मला ठाऊक हाय का निवळंना ते," मी म्हणलं. "पण सांगायची न्हाई."

 देशमुखाला आधी कळलंच न्हाई. त्याला असं कुणी बोललंच न्हवतं, तर कळणार कसं?

"काय म्हणालीस?"

"सांगायची न्हाई म्हणाले. आन बाचं नाक बी मिळायचं न्हाई."

मी बाला तिथंच सोडलं आणि चालायला लागले. हद्दीचा दगड आला.  मागून कुणीतरी ओरडलं, "अडवा तिला!" पण अडवायचं म्हणजे शिवावं लागतं. तेवढ्या घोळात मी दगड ओलांडला. पायरी उतरले. पाणी वरच आलेलं, फार उतरावं लागलं न्हाई. दोन्ही हात बुडवले, कोपरापर्यंत. ओंजळ भरली आणि सगळ्यांकडं तोंड करून प्याले. गोड होतं.

मग मारलं. शिवायचं न्हाई म्हणून लांब काठ्यांनी मारलं, दगडांनी मारलं. डाव्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत न्हाई. बा मधी पडला, त्यालाबी बसलं. त्याच दिवशी आमचं घर उपटून फेकलं. बाकीच्यांनी हातापाया पडून माफी मागितली, तेव्हा त्यांना राहू दिलं. मी त्यांना शिव्या देत न्हाई. पण जाताना एकानंबी आमच्याकडं मान वर करून बघितलं न्हाई, हे विसरतबी न्हाई.

आत्या तेवढी आमच्यासंगं आली. परभणीला मोंढ्यात धान्य निवडून पोट भरलं. बा फार दिवस राहिला न्हाई. लोकांना वाटतं त्यानं मला शाबास म्हणलं असंल. न्हाई म्हणलं. शेवटपर्यंत एकच विचारायचा, "दुसरा काही इलाज न्हवता का गं, बाई?"  

बारव पुढं उन्हाळ्यात आपोआप निवळली म्हणं. खालचा मचूळ झरा पुन्हा वर आला असंल, दुसरं काय. गावानं शुद्धीची पूजा घातली होती, तिचं नाव झालं.

निजाम गेला, देशमुखबी गेला. आता शिकलेली माणसं येतात, माझं ऐकतात, हळहळतात. म्हणतात, "आजी, चुन्याचं सांगितलं असतं तर सुटला असतात तुम्ही. निर्दोष होतात." हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. निर्दोष! अरे, मला निर्दोष सुटायचंच न्हवतं. ज्यांच्या पुढं सुटायचं त्यांना कुणी बसवलं तिथं?

आळ खोटा होता. तो म्या खरा केला, दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत. अजून कुणी मला शिवू नको म्हणून तर बघा. आधी हात लावीन, मग बोलीन.